शाळेतील सामने : जेते, जित आणि वाट पाहणारे

मुलांनी खेळावे की नाही, हा प्रश्न सुशिक्षित घरांतून आता सुटल्यासारखाच आहे. खेळाने अंगात बळ येते, भूक लागते, झोप लागते, हे कोणास पटवून द्यावे लागत नाही. वाद उरला आहे तो निराळ्या गोष्टीचा. खेळ ठीक, पण सामने कशास हवेत? दहा-बारा वर्षांच्या मुलांमागे ढाली, पेले, गुणांचे फलक आणि जयापजय यांची उपाधी लावून का द्यावी? एक पक्ष म्हणतो, स्पर्धेने मूल कणखर बनते. दुसरा म्हणतो, तिने ते मत्सरी तरी होते, नाहीतर हिरमुसते. दोन्ही पक्षांपाशी आपापल्या आळीतील दाखले तयार असतात. वस्तुतः शालेय सामने ही सुमारे पावणेदोनशे वर्षांची जुनी संस्था आहे, आणि तिचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवल्यावाचून तिच्या गुणदोषांचा निवाडा करणे म्हणजे साक्षीदार न तपासता निकाल देण्यासारखे आहे.

या इतिहासात एक अडचण मात्र आहे. तो बहुधा जेत्यांनी व्यापलेला असतो. कोणी किती धावा काढल्या, कोणाचे नाव ढालीवर कोरले गेले, हे आपणांस ठाऊक असते. समोरच्या अकरा मुलांचे पुढे काय झाले, याची विचारपूस सहसा होत नाही. परंतु कोणत्याही सामन्यात निम्मी मुले हरतात, आणि दोन्ही संघांत पाळीची वाट पाहत बसलेली मुले असतात ती वेगळीच. ज्या शाळेत फक्त पहिल्या येणाऱ्या मुलालाच विद्या मिळते, तिला आपण चांगली शाळा म्हणत नाही. सामन्यांनाही तोच नियम लावला पाहिजे. जिंकणाऱ्यास काय मिळाले हे न विचारता, हरणाऱ्यास आणि वाट पाहणाऱ्यास काय मिळाले, हे विचारले पाहिजे. त्या दृष्टीने हा इतिहास येथे थोडक्यात पाहू.

शालेय सामन्यांचा उगम इंग्लंडातील निवासी शाळांत झाला. रग्बी शाळेचे नामांकित मुख्याध्यापक डॉ. टॉमस आर्नल्ड यांचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. परंतु आर्नल्ड यांचे लक्ष खेळांपेक्षा धर्मशिक्षण आणि शिस्त यांकडे अधिक होते. खेळांस शाळेच्या दिनक्रमात मानाचे स्थान मिळाले ते त्यांच्या पुढच्या पिढीत. रग्बी येथे अध्यापक असलेले जी. ई. एल. कॉटन हे १८५२ साली मार्लबरो शाळेचे मुख्याध्यापक झाले. आदल्याच वर्षी त्या शाळेत मुलांनी उघड बंड केले होते. मुले मोकळ्या वेळी रानोमाळ भटकत आणि भलते उद्योग करीत. कॉटन यांनी १८५३ साली पालकांस एक पत्र धाडून मुलांना शाळेच्या आवारातच खेळांत गुंतविण्याचा मनोदय कळविला. म्हणजे या संस्थेच्या मुळाशी उदात्त तत्त्वज्ञान नव्हते. दांडगी मुले नजरेसमोर राहावीत, एवढाच व्यवहारी हेतू होता. हेच कॉटन पुढे १८५८ साली कलकत्त्याचे बिशप होऊन हिंदुस्थानात आले आणि १८६६ साली बंगालमध्ये नदीत बुडून मरण पावले.

तत्त्वज्ञान मागाहून जोडले गेले. टॉमस ह्यूज यांच्या १८५७ सालच्या 'टॉम ब्राउन्स स्कूलडेज' या कादंबरीने रग्बी शाळेतील खेळांचे आकर्षक चित्र घरोघर पोहोचविले. १८६४ साली इंग्लंडातील नऊ प्रमुख शाळांची चौकशी करणाऱ्या क्लॅरेंडन आयोगाने आपल्या अहवालात क्रिकेट आणि फुटबॉलची मैदाने ही सामाजिक गुणांची आणि पौरुषाची शाळा असल्याची ग्वाही दिली. तेव्हापासून एक समजूत रूढ झाली, की सामना खेळला म्हणजे चारित्र्य आपोआप घडते. ही समजूत अर्धीच खरी होती, हे पुढील हकीकतीवरून दिसेल.

१८९९ सालच्या जून महिन्यात क्लिफ्टन कॉलेज या शाळेत दोन 'हाउसां'च्या लहान मुलांचा सामना झाला. क्लार्क्स हाउस या संघाकडून ए. ई. जे. कॉलिन्स नावाचा तेरा वर्षांचा मुलगा फलंदाजीस आला. त्याचा जन्म आपल्याकडचाच, हजारीबागचा. आईबाप मात्र तोवर निवर्तले होते. हा डाव चार निरनिराळ्या दिवशी मिळून खेळला गेला आणि कॉलिन्स ६२८ धावा काढून नाबाद राहिला. संघाच्या धावा झाल्या ८३६. प्रतिपक्ष नॉर्थ टाउन, त्याचे दोन डाव ८७ आणि ६१ धावांत आटोपले. कॉलिन्सने गडीही अकरा बाद केले. एक डाव आणि ६८८ धावा इतक्या अंतराने सामना संपला. वर्तमानपत्रांनी मुलाचे नाव देशभर केले. पुढे तो सैन्यात गेला, आणि १९१४ सालच्या नोव्हेंबरात ईप्रच्या पहिल्या लढाईत मारला गेला, तेव्हा तो अवघा एकोणतीस वर्षांचा होता.

कॉलिन्सचा पराक्रम शंभर वर्षांहून अधिक काळ पुस्तकांत राहिला. परंतु चार दिवस चेंडूमागे धावून शेवटी ८७ आणि ६१ धावा करणाऱ्या मुलांना त्या सामन्यातून काय मिळाले? असा सामना थांबवावा, संघ पुन्हा वाटून द्यावेत, असे तेथील कोणा वडीलधाऱ्यास सुचले नाही. चारित्र्य आपोआप घडते अशी एकदा श्रद्धा बसली, म्हणजे वडीलधाऱ्यांना काही करावेसे वाटत नाही, हा त्या श्रद्धेचा पहिला तोटा.

इंग्लंडातील ही संस्था मुंबईस आली ती राज्यकर्त्यांच्या संगतीने. पारशी तरुणांनी १८४८ सालीच ओरिएंटल क्रिकेट क्लब काढून या खेळाचा पाया घातला होता. १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस हे पूर्वी इंग्लंडच्या संघाचे कर्णधार होते. राज्यकारभारापेक्षा त्यांचे लक्ष क्रिकेटकडेच अधिक आहे, अशी टीका त्यांच्यावर त्या काळीही होई. त्यांच्या नावाची हॅरिस ढाल आणि तिच्या मागोमाग सुरू झालेली गाइल्स ढाल या दोन आंतरशालेय स्पर्धा एकोणिसावे शतक संपून विसावे सुरू होण्याच्या सुमारास मुंबईत रुजल्या. आज पहिली सोळा वर्षांखालील मुलांची आणि दुसरी चौदा वर्षांखालील मुलांची म्हणून ओळखली जाते. राज्यकर्त्यांचा हेतू काहीही असो. प्रजेच्या मुलांनी त्यातून स्वतःस हवे ते उचलले. गिरगाव, दादर, फोर्ट येथील शाळांना एक समान भाषा मिळाली. एरवी एकमेकांच्या उंबऱ्यावरही न जाणारी निरनिराळ्या धर्मांची आणि जातींची मुले आझाद मैदानावर एका पंचाचा निर्णय मानू लागली. हरलेल्या मुलाने जिंकलेल्याचा हात हातात घ्यावयाचा, ही रीत त्यांच्या अंगवळणी पडली.

आपल्या महाराष्ट्रात शरीरसाधनेची परंपरा जुनी; पण ती बहुतेक एकांड्या साधनेची होती. जोर, बैठका, नमस्कार, मल्लखांब यांत माणसाची झुंज स्वतःशीच असते. कुस्तीत प्रतिस्पर्धी असतो खरा, परंतु तेथेही पैलवान एकटाच. दहा मुलांनी मिळून जिंकावे आणि दहांनी मिळून हरावे, हा धडा तालमीत नव्हता. तो होता गल्लीतल्या हुतूतू, आट्यापाट्या आणि खो-खो या खेळांत. मात्र त्या खेळांस गावोगाव निराळे नियम असल्यामुळे एका गावच्या मुलांनी दुसऱ्या गावच्या मुलांशी खेळावयाचे म्हटले, की खेळापूर्वी तंटाच व्हावयाचा. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम लिहून काढले, तेव्हा या गल्लीतल्या खेळाचा सामना झाला. पुढे १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली.

खो-खोच्या रचनेकडे शिक्षणाच्या दृष्टीने पाहावे, तितके थोडेच आहे. पाठलाग करणाऱ्या पक्षाचे आठ गडी मधल्या पट्टीवर एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंड करून बसतात, नववा धावतो. धावणाऱ्यास मागे वळता येत नाही, आणि दोन बसलेल्या गड्यांमधून पलीकडेही जाता येत नाही. पळणारा दुसऱ्या बाजूस गेला, की धावणाऱ्यापुढे एकच उपाय उरतो. बसलेल्या सोबत्याच्या पाठीस हात लावून 'खो' म्हणावयाचे आणि आपण त्याच्या जागी बसावयाचे. बसलेल्या मुलाने खो मिळेपर्यंत हलावयाचे नाही. पण मिळताक्षणी उठावयाचे. म्हणजे या खेळात वाट पाहणे हे खेळाबाहेरचे दुर्दैव नसून खेळाचाच भाग आहे. जो मघाशी धावत होता तोच आता बसतो, आणि बसलेला धावतो. शिवाय पाळी फिरली, की पाठलाग करणारे पळू लागतात. सगळ्या भूमिका सगळ्यांच्या वाट्यास येतात. या खेळास उपकरण लागत नाही आणि मैदानही मोठे लागत नाही, त्यामुळे गरीब शाळांतून आणि मुलींच्या शाळांतूनही तो पसरला. २०२५ सालच्या जानेवारीत दिल्लीस या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारताने नेपाळवर विजय मिळविला, याचे मूळ शाळाशाळांच्या अंगणांतील या मातीतच आहे.

आता मुंबईच्या त्याच हॅरिस ढालीच्या एका सामन्याकडे वळू. १९८८ सालच्या फेब्रुवारीत शारदाश्रम विद्यामंदिर आणि सेंट झेवियर्स या शाळांचा उपांत्य सामना आझाद मैदानावर झाला. शारदाश्रमचे दोन गडी ८४ धावांवर बाद झाले असता सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी हे एकत्र आले. सचिनला पंधरावे वर्ष चालू होते, विनोद नुकताच सोळा वर्षांचा झाला होता. डाव घोषित झाला तेव्हा धावफलकावर २ बाद ७४८ धावा होत्या. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९ आणि दोघांची अखंड भागी ६६४ धावांची. डाव थांबवा, अशा खुणा बाहेरून होत असताना मुलांनी तिकडे काणाडोळा केला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुढे सेंट झेवियर्सचा डाव १४५ धावांत आटोपला.

जेत्यांचे पुढे काय झाले, हे सांगावयास नकोच. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्या मैदानावरचे दुसरे दोन मुलगे अधिक महत्त्वाचे आहेत. सेंट झेवियर्सकडून साईराज बहुतुले नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा गोलंदाजी करीत होता. त्याने २७ षटकांत १८२ धावा दिल्या आणि त्यास एकही बळी मिळाला नाही. एखाद्या मुलाने चेंडू कायमचा खाली ठेवावा, असाच तो दिवस. साईराजने तो ठेवला नाही. पुढे मुंबईच्या संघात त्याने वर्षानुवर्षे लेगस्पिन टाकली, प्रथम श्रेणीच्या सामन्यांत सहाशेहून अधिक बळी घेतले, आणि तो भारताकडून कसोटी सामनेही खेळला. ज्या तेंडुलकरने त्याच्या गोलंदाजीवर शाळेत धावांचा डोंगर रचला, त्याच तेंडुलकरच्या संघात तो मोठेपणी खेळला. हार हा शेवट नव्हे, असे बोधवचन मुलांना सगळेच ऐकवितात. येथे ते आकड्यांनिशी सिद्ध झालेले दिसते. असा अनुभव घेण्यास सामनाच लागतो. नुसत्या सरावात तो मिळत नाही.

दुसरा मुलगा तंबूत बसला होता. शारदाश्रमचा पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार, वय तेरा, पायांस पॅड बांधून आपली पाळी केव्हा येते याची वाट पाहत होता. ती आलीच नाही. पुढे त्याने मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात २६० धावा काढल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या; परंतु भारताच्या संघात त्यास कधीही जागा मिळाली नाही. बालपणीची वाट पाहणी जन्मभर लांबली, असेच कोणी म्हणेल. तथापि २०२३ साली तो भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्या संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून प्रथमच विश्वचषक जिंकला. ज्या शालेय ढालींच्या इतिहासात मुलींना फार काळ स्थानच नव्हते, त्याच ढालीच्या सामन्यात पाळी न आलेल्या मुलाने मुलींच्या विजयास हातभार लावावा, यात योगायोग थोडासाच असेल. स्वतःस संधी न मिळालेल्या माणसास दुसऱ्याची संधी कशी जपावी हे अधिक कळत असावे, असे आम्हांस वाटते.

या ठिकाणी सचिनच्याच बालपणातील आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. १९८७ साली मुंबईतील उत्तम बालखेळाडूचे पारितोषिक त्यास मिळाले नाही. तेव्हा सुनील गावस्कर यांनी त्यास पत्र लिहून धीर दिला, आणि पूर्वी हे पारितोषिक मिळविणाऱ्यांच्या यादीत एक नाव नाही, तरी त्या गृहस्थाचे कसोटी क्रिकेटमध्ये फारसे अडले नाही, असे मिश्कीलपणे सुचविले. ते नाव कोणाचे, हे वाचकांनी ओळखलेच असेल. मुलास हार पचविण्यास शिकविणारे कोणी मोठे माणूस जवळ असावे लागते. पराभव एकट्याने शिकवीत नाही; पराभवानंतर घरी किंवा मैदानावर जे बोलले जाते, ते शिकविते.

परंतु प्रत्येक हार शिकविते, असेही समजू नये. २०१६ सालच्या जानेवारीत कल्याण येथे एका आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद १००९ धावा काढून कॉलिन्सचा ११६ वर्षांचा विक्रम मोडला. मुलाच्या चिकाटीस आणि ताकदीस मान दिलाच पाहिजे. तथापि त्याच्या संघाने ३ बाद १४६५ धावांवर डाव सोडला, आणि समोरच्या संघाचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत संपले. क्लिफ्टनचीच कथा पुन्हा घडली. एका शतकाच्या अनुभवाने आपण काही शिकलो नाही, असाच याचा अर्थ. येथे सामना हा शब्दच लटका पडतो, कारण समोरासमोर येण्यास तुल्यबळ असावे लागते. साईराजची हार आणि या मुलांची हार यांत हाच भेद आहे. पहिल्यास उद्या आपण बाद करू अशी आशा बाळगण्यास जागा होती. दुसऱ्यांस ती ठेवलीच नव्हती. आणि अशा विषम सामन्याने जेत्याचेही हित होत नाही. आपली खरी पायरी कोणती हे त्यास कळत नाही, आणि जगाच्या अपेक्षा मात्र त्याच्या डोक्यावर एका रात्रीत येऊन बसतात. दोष मुलांचा नव्हे. असे सामने पाहत बसणाऱ्या आणि मग टाळ्या पिटणाऱ्या थोरामोठ्यांचा आहे.

तुल्यबळ संघ जुळविणे दिसते तितके सोपे नाही, हेही मान्य केले पाहिजे. बारा ते चौदा या वयात एकाच वर्गातील दोन मुलांच्या शरीरांत दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते. एकास मिसरूड फुटलेले असते, तर दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. वयोगटाच्या वर्षारंभी जन्मलेली मुले वर्षाखेरीस जन्मलेल्यांपेक्षा थोराड असल्यामुळे निवडीत पुढे जातात, हे अनेक देशांतील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. म्हणून बाराव्या वर्षी मागे पडलेला मुलगा अठराव्या वर्षीही मागेच राहील, असे भाकीत करणारा शिक्षक आपल्या अधिकाराबाहेर बोलतो. नॉर्वे देशाने या बाबतीत विचारपूर्वक मर्यादा घालून घेतली आहे. तेथील क्रीडासंघटनेच्या नियमांप्रमाणे मूल अकरा वर्षांचे होईपर्यंत निकालांच्या याद्या आणि क्रमवारी प्रसिद्ध करीत नाहीत. सामने मात्र होतात, आणि मुले ते मन लावून खेळतात. यामुळे तो देश खेळांत मागे पडला काय? २०१८ आणि २०२२ या दोन्ही हिवाळी ऑलिंपिक स्पर्धांत सर्वाधिक पदके नॉर्वेनेच मिळविली. मर्यादा घातल्याने स्पर्धा दुबळी होते, या आक्षेपाचा हा पुरेसा परिहार आहे.

या सर्व हकीकतीतून आम्हांस जे दिसते ते असे. सामन्यापासून मुलांस लाभ होतो यात संशय नाही. तो नुसत्या व्यायामाने होत नाही असाही आहे. आपल्या बरोबरीच्या मनुष्याशी जीव तोडून झुंजावे आणि खेळ संपताच त्याच्याशी स्नेहाने बोलावे. न आवडलेला निर्णय मुकाट्याने मानावा. आपली पाळी येईपर्यंत सज्ज राहावे आणि ती न आली तरी सोबत्यांच्या यशात आपला वाटा मानावा. या गोष्टी पुस्तकांत लिहिलेल्या असल्या तरी पुस्तकांतून येत नाहीत. मात्र हा लाभ सामन्याच्या अंगचा नव्हे. तो त्याच्या बांधणीत असतो. खो-खोचे नियम लिहिणाऱ्यांनी प्रत्येक गड्यास धावण्याची आणि बसण्याची पाळी मिळेल अशी व्यवस्था राहू दिली, म्हणून तो खेळ सर्वांचा झाला. क्लिफ्टनमध्ये आणि कल्याणास ती काळजी कोणी घेतली नाही, म्हणून तेथे एकाचा विक्रम झाला आणि इतरांच्या पदरी ओझे पडले.

आईबापांच्या हाती नियम करणे नसते, हे खरे. परंतु शाळा निवडताना तिच्या कपाटातील ढाली मोजण्याबरोबरच, तिच्या संघात राखीव मुलांस खेळावयास मिळते की नाही, आणि हरलेल्या संघाशी तेथील शिक्षक कसे बोलतात, एवढी चौकशी त्यांस सहज करता येईल. संध्याकाळी मूल धुळीने माखून घरी आले, म्हणजे निकालाआधी खेळ कसा झाला हे विचारता येईल. आणि पाळी न आलेल्या मुलास, आज वायाच गेला रे तुझा दिवस, असे न म्हणण्याइतका संयम तर कोणासही ठेवता येईल. ज्या घरांतून एवढे होईल, तेथील मुलास सामन्यात उतरविण्यास भिण्याचे कारण नाही. मग ढाल कोणत्याही शाळेने नेवो.